चुकीचं वय

घोड्याचे दात पाहून जाणकार त्याचं वय सांगतात म्हणे. तमारा ओसिपोव्हना माणसाच्या तोंडची चूक ऐकून त्या चुकीचं वय सांगत. "ही चार वर्षांची आहे," असं डोळे मिटून म्हणत. किंवा, "ही सातची. शाळेत जायला लागल्यावरची." आणि एखादा विद्यार्थी पुस्तकी घोळ घालून बसला, की डोळे न मिटताच सांगत, "ही गेल्या मंगळवारची. पुढच्या मंगळवारी जाईल."

मंगळवार हा त्यांच्या रशियनच्या वर्गाचा दिवस. नॉटिंगहॅममधल्या एका संध्याकाळच्या कॉलेजात मी ऑफिस सांभाळत होते. दिवसभर नोकरी करून आलेली, निवृत्त झालेली, मुलं मोठी झाल्यावर मोकळी झालेली माणसं तिथे काही ना काही शिकायला येत. फ्रेंच, सुतारकाम, केक सजवणं; आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, रोज बातम्यांत मॉस्को दिसायला लागल्यावर, रशियन. माझं काम फॉर्म तपासणं, खोल्या वाटणं, हजेरीपट ठेवणं. कुठल्या भाषेला कुठली खोली द्यायची, एवढाच माझा भाषांशी संबंध. निदान तसं मी समजत होते.

पहिल्याच भेटीत आमचं वाजलं. शिक्षकांच्या फॉर्मवर एक प्रश्न होता : शिकवत असलेली भाषा तुमची मातृभाषा आहे का? पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. बाईंनी दोन्ही रिकामे ठेवून बाजूला लिहिलं होतं, 'पाच वर्षांची होईपर्यंत.'

"मिसेस डॉब्सन, यातला एकच चौकोन भरायचाय," मी फॉर्मवरचं त्यांचं आडनाव वाचून म्हटलं.

"कुठला भरू?"

"मातृभाषा असेल तर होय, नसेल तर नाही."

"आईची होती, म्हणजे मातृभाषा खरीच. माझ्याकडे पाच वर्षं होती. मग पस्तीस वर्षं नव्हती. चाळिसाव्या वर्षी पुन्हा घेतली. आहे का चौकोन?"

रांगेत सहा जण उभे होते. मी दोन्ही चौकोनांत टिक केली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. बाईंनी फॉर्मकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू कामाची बाई आहेस." तेव्हापासून आमची मैत्री.

इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळे नाहीत, तरी त्या मला तूच म्हणत असत आणि मी त्यांना तुम्हीच म्हणत असे, हे दोघींना पक्कं कळत होतं. रशियनमध्येही दोन्ही आहेत. नावाचंही तसंच. ओसिपोव्हना म्हणजे ओसिपची मुलगी. रशियात माणसाला आदराने हाक मारायची तर नाव आणि बापाचं नाव. मी म्हटलं, आमच्याकडेही नावापुढे वडिलांचं नाव लागतं. त्यांनी लगेच माझ्या वडिलांचं नाव विचारलं आणि मला 'सुधा केशवोव्हना' करून टाकलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं, की लग्नानंतर केशव जाऊन तिथे मोहन आला. त्या हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या.

"नवरा तुझा बाप आहे का?"

मी हजेरीपट पुढे ओढला.

दिसायला त्या बुटक्या, रुंद. करडे केस कानाशी सरळ कापलेले. एकच रेनकोट बारा महिने, आणि इंग्लंडमध्ये ते चुकीचंही नाही. हाताला भेगा पडत म्हणून खडूला कागद गुंडाळून धरत. वर्गाच्या वीस मिनिटं आधी येऊन फळा स्वतः ओल्या फडक्याने पुसत. आधीच्या फ्रेंच वर्गाची क्रियापदं फळ्यावर राहिलेली त्यांना चालत नसत. उष्ट्या ताटात जेवायला बसल्यासारखा चेहरा करत.

एकदा असा फळा पुसता पुसताच त्यांनी आपली हकिगत सांगितली. फळ्याकडे तोंड करून, मोजून पाचसहा वाक्यांत. जन्म रीगाचा, घर रशियन. वडील लाकडाच्या व्यापाऱ्याकडे कारकून. त्या पाच वर्षांच्या असताना इंग्लंडला आले आणि दोन वर्षांत वारले. शाळेतल्या बाईंनी आईला बोलावून सांगितलं, घरी इंग्रजीच बोला, नाहीतर पोर मागे पडेल. आईने ऐकलं.

"आयुष्यभर ती माझ्याशी मोडक्या इंग्रजीत बोलली," तमारा ओसिपोव्हना म्हणाल्या. "शेजारच्या रशियन बाईशी बोलताना ती विनोद करायची. ती बाई हसून हसून भिंत धरायची. माझ्याशी एक विनोद नाही. विनोद करण्याएवढी इंग्रजी तिला आलीच नाही. शहाणी बाई होती म्हणतात. माझी काही तिच्याशी ओळख झाली नाही."

आई गेल्यावर, चाळिसाव्या वर्षी, त्या एका इंग्रज माणसाच्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून जाऊन बसल्या. पाच वर्षांची रशियन पोटात होती, ती त्याच्या पुस्तकात शोधत बसल्या. पुढे परीक्षा दिल्या, शिकवायला लागल्या. पण मुळात आपण दोन दारांनी आत आलेली बाई आहोत, हे त्या कधी विसरल्या नाहीत.

म्हणून नाव नोंदवायला आलेल्यांची त्या एक परीक्षा घेत. विचारत, "दूध तापवून गार केल्यावर वर जे येतं, त्याला काय म्हणतात?" पुस्तकातून शिकलेला माणूस विचारात पडायचा. त्याला रशियनमध्ये परराष्ट्र धोरण म्हणता येई, शिष्टमंडळ म्हणता येई; दुधावरची साय त्याच्या कुठल्याच धड्यात आलेली नसे. आणि क्वचित एखादा, ज्याचे आईबाप किंवा आजीआजोबा तिकडचे, तो आधी नाक मुरडायचा आणि मग म्हणायचा, "पेन्का!" त्याला लिहिता येत नसे, सहा विभक्तींपैकी तीनच वापरून तो गाडी हाकत असे, मधे मधे इंग्रजी शब्द कोंबत असे. पण नाक बरोबर मुरडायचा.

विभक्तीवरून मी त्यांना आमचं 'स, ला, ते; स, ला, ना, ते' म्हणून दाखवलं होतं. त्यांनी ते दोनदा म्हणायला लावलं आणि विचारलं, "हे शिकायच्या आधी तुला बोलता येत होतं ना?" मी म्हटलं, अर्थात. "मग हे कशाला शिकलीस?" मी म्हटलं, परीक्षेला होतं. "बरोबर. लिहिण्यासाठी. बोलण्यासाठी कुणी शिकत नाही."

माझी मुलगी मुक्ता तेव्हा दहा वर्षांची. नवरा हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. मंगळवारी त्याची ड्यूटी असायची, म्हणून धाकटा मुलगा शेजाऱ्यांकडे राही आणि मुक्ता माझ्या ऑफिसात बसून गृहपाठ करी. तमारा ओसिपोव्हनांनी तिला सायीची परीक्षा दिली. मुक्ता म्हणाली, "यक्! साय!" आणि चेहरा असा केला, की बाई खूश.

त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मला तुमची भाषा कळत नाही. पण मी चार मंगळवार बघते आहे. ती एक लांब वाक्य बोलते. मधेच तू तिच्यावर एक शब्द फेकतेस. ती इंग्रजीत निघून जाते. काय फेकतेस?"

मी आठवून पाहिलं. मुक्ता म्हणायची, "आई, तू कुठे होतास?" मी म्हणायचे, "होतीस!" ती म्हणायची, "नेव्हर माइंड." तिच्या धाकट्या भावाला मी सारखी 'कुठे होतास' विचारत असे, तेच तिने उचललं होतं.

"शिकणाऱ्याची चूक लगेच सुधारावी, त्याने त्यासाठीच फी भरलीय," त्या म्हणाल्या. "हिने फी भरलेली नाही. ही तुझ्याशी बोलायला आलीय. आधी उत्तर दे. व्याकरण पळून जात नाही."

मी महिनाभर जीभ चावून गप्प राहिले. मुक्ता होतास-होतास करतच राहिली, पण वाक्यं लांब झाली, आणि शाळेतल्या भांडणांची हकिगत मला पहिल्यांदाच मराठीतून कळायला लागली. एवढं माझ्यापुरतं पुरे.

ज्याच्यामुळे तमारा ओसिपोव्हना मला पुरत्या कळल्या, तो निक त्याच वर्षी ऑक्टोबरात आला. चौतीस वर्षांचा, लांबच्या प्रवासी बसचा, म्हणजे कोचचा, ड्रायव्हर. मान खांद्यात रुतलेली, हाताचे पंजे सुपासारखे. सायीची परीक्षा तो एका सेकंदात पास झाला. त्याचा उच्चार ऐकून आधीचे विद्यार्थी सावरून बसले. दुसऱ्या मंगळवारी बाईंनी विचारलं, कसा आहेस. निकने दिवसभर गाडी चालवली होती. तो म्हणाला, "उस्ताला."

वर्गात मिस्टर हॅरिस नावाचे गृहस्थ होते. सत्तरीचे, नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त. अतिशय अभ्यासू. प्रत्येक नामाआधी सिग्नल लागल्यासारखे थांबत, कुठली विभक्ती ते ठरवत आणि मगच पुढे सरकत. ते घसा साफ करून म्हणाले, "माफ करा, 'उस्ताल'. 'उस्ताला' बायका म्हणतात."

मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. निक म्हणाला होता, 'मी दमले.' पुण्यात आमच्या शेजारी तीन आत्यांत वाढलेला एक मुलगा होता. सहा वर्षांचा होईपर्यंत 'मी येते, मी जाते' करायचा. इंग्रजीत बाई दमली काय आणि बुवा दमला काय, क्रियापदाला पत्ता नसतो. त्यामुळे वर्गातल्या लोकांना हा नियम म्हणून पाठ होता. त्यातली लाज ठाऊक नव्हती. ते मोकळेपणी हसले. निक लाल झाला, कोट उचलून बाहेर पडला.

तमारा ओसिपोव्हना तशाच त्याच्या मागे कार पार्कमध्ये गेल्या. पाऊस होता, म्हणून मी त्यांचा रेनकोट घेऊन धावले, आणि छत्री धरून उभी राहिले.

"रशियन कुणी शिकवली तुला?" त्या विचारत होत्या.

"कुणी नाही. आजीने वाढवलं."

"घरात आणखी कोण?"

"आई. पण ती सगळा वेळ मोज्यांच्या कारखान्यात."

"पुरुष माणूस?"

"बोका होता एक. त्याला पिल्लं झाली."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तू काय वेगळं बोलणार होतास? साडेतीन वर्षांची आहे ही चूक. साडेतीन वर्षांच्या मुलाने घरात जे ऐकलं तेच तू बोललास. ज्याने ऐकलंच नाही त्याच्यापेक्षा बरा."

निकने मग खाली बघत सांगितलं, की हे पहिल्यांदा झालेलं नाही. तो प्रवासी घेऊन साउथहॅम्प्टनच्या बंदरावर जात असे. तिथे एकदा रशियन बोट लागली होती. त्याने आनंदाने खलाशांशी बोलायला सुरुवात केली. ते एकमेकांना कोपराने ढोसून हसले आणि म्हणाले, "आणखी बोला ना, आजीबाई." त्यानंतर आजी सोडून कुणाशी तो रशियन बोलला नव्हता. आणि आजी दोन वर्षांपूर्वी वारली होती.

"मग आता कशाला आलास?"

निकने कोचचं दार उघडलं आणि स्टीअरिंगशेजारच्या खणातून रबरबँड लावलेली पत्रं काढली. लेनिनग्राडहून आलेली. आजीची धाकटी बहीण लिदा, तिची. आजी असताना ती वाचून दाखवायची. ती गेल्यावरही पत्रं येत होती. चार आली होती. निकला रशियन अक्षरं येत नव्हती. त्याने एकही वाचलं नव्हतं, एकालाही उत्तर दिलं नव्हतं.

"म्हणजे तिला माहीत नाही?" तमारा ओसिपोव्हनांनी विचारलं.

"काय?"

"की बहीण गेली."

निकने पत्रं भिजू नयेत म्हणून कोटाखाली धरली. पाऊस आमच्या तिघांवर पडत होता. माझी छत्री एकटीला पुरेल एवढीच होती.

बाई निकला घेऊन वर्गात परत गेल्या आणि त्यांनी हॅरिसना निकशेजारी बसवलं. हॅरिस बिचारे ओशाळून गेले होते. बाई म्हणाल्या, "तुम्हाला वाचता येतं, कळत नाही. याला कळतं, वाचता येत नाही. दोघांचा मिळून एक रशियन माणूस होतो. फार चांगला नाही, पण होतो."

हॅरिस पत्र वाचायला लागले. एकेक अक्षर लावत, प्रत्येक शब्दाचं हाड मोडत. शब्दकोशात मिळणार नाहीत असे शब्द होते, म्हातारीने बोलते तसे लिहिलेले. हॅरिसना कशाचाच अर्थ लागत नव्हता. निक डोळे मिटून ऐकत होता, आणि त्या भयानक उच्चारांतून त्याला बरोबर ऐकू येत होतं. तो मधेच इंग्रजीत सांगायचा; झीना म्हणजे त्याची आजी. "झीना, का लिहीत नाहीस? ... गुडघ्याचं कसं आहे? ... मागच्या पत्रात मी तुला चिडवलं त्याचा राग आला का? आला असेल तर शिव्या देणारं पत्र पाठव, पण पाठव."

हॅरिसनी चष्मा काढला. म्हणाले, "हे असं म्हणतेय का ती? मला वाटलं हवामानाबद्दल आहे."

त्या दिवसापासून वर्गाला दुसरा विषय राहिला नाही. मी सुचवलं, बाईंनी चार ओळी लिहून टाकाव्यात, प्रश्न मिटला. बाई म्हणाल्या, "घरातला माणूस गेल्याची बातमी परक्या अक्षरात द्यायची नाही." शेवटच्या पत्रात लिदाच्या इमारतीतल्या व्हरांड्याच्या फोनचा नंबर होता. निकने फोन करायचा असं ठरलं. निकने पुरुषासारखं बोलायला शिकायचं, असंही ठरलं. ही अट निकची.

सहा आठवडे तालीम चालली. सगळी क्रियापदं पुल्लिंगी, सगळीकडे 'तुम्ही'. निकला 'तुम्ही' येतच नव्हतं. घरात आजी आणि आई. त्यांना कोण तुम्ही म्हणणार? वर्गात तो बाईंनाही रशियनमध्ये 'तू'च म्हणायचा आणि हॅरिसना दर वेळी ठसका लागायचा. शेवटी हॅरिसनी त्याला सुवाच्य अक्षरात एक कार्ड लिहून दिलं. निक आता मोठी अक्षरं वाचायला लागला होता.

शनिवारी सकाळी माझ्या ऑफिसातून फोन लावायचा होता. परदेशी फोनला प्रिन्सिपॉलची परवानगी लागे. मी अर्जात 'संभाषणाचं प्रात्यक्षिक' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. ऑपरेटरने बराच वेळ घेतला. पलीकडे कुणीतरी ओरडत लिदाला बोलवायला गेलं. मग एक म्हातारा, बारीक आवाज आला. निक उठून उभा राहिला आणि त्याने कार्डावरचं वाचायला सुरुवात केली. आदरणीय लिदिया अमुक, मी आपणांस दुःखद वृत्त कळवू इच्छितो...

पलीकडून एकदम भडिमार सुरू झाला. मला रशियन येत नाही, पण घाबरलेली बाई कुठल्याही भाषेत कळते. निकने रिसीव्हरवर हात ठेवला. पांढरा पडला होता.

"तिला वाटतंय मी सरकारी माणूस आहे. म्हणतेय, माझे सगळे कागद बरोबर आहेत, पुन्हा पुन्हा का विचारता?"

हॅरिस पुटपुटले, "दुसरं वाक्य घ्या, दुसरं."

तमारा ओसिपोव्हना उठल्या. त्यांनी निकच्या हातातून कार्ड काढून घेतलं आणि माझ्या कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. एवढंच केलं.

निकने रिसीव्हरवरचा हात काढला. आणि मग तो आपल्या भाषेत बोलला. तू म्हणून, बाईच्या क्रियापदांत, साडेतीन वर्षांच्या पोराने आजीच्या मांडीवर बसून उचललेल्या बोलीत. काय बोलला ते, आणि कोल्या हे त्याचं घरातलं नाव, हे बाईंनी मला मागाहून सांगितलं. "लिदा, मी कोल्या. झीनाचा. झीना गेली गं. मला लिहिता येत नव्हतं म्हणून सांगायची राहिले."

मग त्या बारीक आवाजाने एक प्रश्न विचारला. निकचे खांदे हलायला लागले. हसतोय की रडतोय ते कळेना.

"काय म्हणाली?" हॅरिसनी विचारलं.

"विचारतेय, तुझ्या जेवणाचं कोण बघतं?"

ते दहा मिनिटं बोलले. म्हातारी रडली, त्याला रागावली, ये म्हणाली. शेवटी तिने, तुला शिकवणाऱ्या बाईंना फोन दे, असं सांगितलं. निकने रिसीव्हर पुढे केला. आणि तमारा ओसिपोव्हना दोन पावलं मागे सरल्या. हात पाठीमागे बांधले. मान हलवून नाही म्हणाल्या. निकला काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी लागली.

फोन ठेवल्यावर त्याने विचारलं, "हेच चालणार होतं, तर सहा आठवडे ते दुसरं कशाला घोटून घेतलंस?"

"आता तुझ्याकडे दोन आहेत. व्हिसाच्या खिडकीशी ते बोल, लिदाशी हे. आधी एकच होतं आणि तेही लपवलेलं."

"बरं. आणि तू फोन का घेतला नाहीस?"

बाई टोपलीतलं कार्ड उचलून त्याच्या घड्या सरळ करत बसल्या. निक हट्टी होता. त्याने टेबलावर हात टेकले आणि बाईंच्याच आवाजात विचारलं, "किती वर्षांची आहे ही?"

मला वाटलं आता काही खरं नाही. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "पुस्तकातलं बोलले असते तर तिला वाटलं असतं सरकारी बाई. घरातलं बोलायला गेले तर पाच वर्षांची पोर. बासष्टाव्या वर्षी मधलं वय कुठून आणू? इंग्रजांना मी रशियन वाटते. खऱ्या रशियन माणसासमोर मी कधी तोंड उघडलेलं नाही."

वीस वर्षं रशियन शिकवणारी बाई हे सांगत होती. हॅरिस खिडकीबाहेर बघायला लागले. मी फोनच्या नोंदवहीत वेळ लिहिली.

निक म्हणाला, "मी लिदाकडे जाणार. पण तू येणार असशील तर."

त्याला तीन वर्षं लागली. व्हिसा, रजा, बाईंचा गुडघा, बाईंची मांजर, बाईंच्या परीक्षा घ्यायच्या तारखा. दर उन्हाळ्यात एक नवं कारण निघे. त्या कारणांची यादी मी पाठ म्हणून दाखवू शकत होते आणि एकदा म्हणून दाखवलीही. "सुधा केशवोव्हना," त्या म्हणाल्या, "तू फार कामाची बाई आहेस, याचा कधी कधी त्रास होतो." मग हॅरिसनी मांजर ठेवून घेतली आणि यादी संपली.

शेवट आधीच सांगून टाकते, उगाच टांगून ठेवण्यात अर्थ नाही. ते पोचले. लिदा भेटली; ती पुढे चार वर्षं जगली आणि निक दर उन्हाळ्यात जात राहिला. तमारा ओसिपोव्हना महिनाभर राहून आल्या आणि नंतरही एकदा गेल्या असं ऐकलं. मी ते प्रत्यक्ष पाहिलं नाही, कारण त्याच वर्षी जुलैत मोहनची बदली साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात झाली आणि आम्ही नॉटिंगहॅम सोडलं. मी पाहिलं ते एवढंच, की आम्ही घर शोधायला दक्षिणेकडे निघालोच होतो, म्हणून दोघांना गाडीतून हीथ्रोला सोडलं.

गाडीत निकने दोनदा पेपरमिंट पुढे केली, बाईंनी दोनदा मानेनेच नाही म्हटलं. विमानतळावर रशियन विमानकंपनीच्या खिडकीशी पंचविशीची एक मुलगी बसली होती. केस घट्ट बांधलेले, चेहरा इस्त्री केलेला. तिने वर न बघता, भराभर काहीतरी विचारलं. निक उत्तर द्यायला पुढे झाला, तेवढ्यात तमारा ओसिपोव्हना बोलल्या. दोनच शब्द.

मुलीचा हात थांबला. तिने वर पाहिलं. इस्त्री उतरली. निक माझ्या कानाशी कुजबुजला, "कुठली सीट हवी विचारलं. खिडकीजवळ म्हणायचं, तर ही काय म्हणाली माहितेय? लहान मुलं लाडाने म्हणतात तो शब्द." मराठीत सांगायचं तर, रेनकोट घातलेली पासष्ट वर्षांची बाई म्हणाली होती, खिडकुलीजवळ.

बाईंच्याही ते लक्षात आलं. कानापर्यंत लाल झाल्या. मी पर्स घट्ट धरून उभी राहिले. आता या वळणार आणि गाडीकडे चालायला लागणार, आणि मला अडवावं लागणार, असं मनात आलं.

मुलगी तोच शब्द हसत हसत परत म्हणाली आणि वर आणखी काहीतरी जोडलं. तमारा ओसिपोव्हनांनी खिडकीच्या कडेवर कोपर टेकलं. त्यांनी तिला काही विचारलं. तिने उत्तर दिलं आणि उलट विचारलं. मग बाई जे सुरू झाल्या ते थांबेचनात. मधे एकदा अडल्या, हाताने हवेत काहीतरी काढून दाखवलं, मुलीने शब्द पुरवला, त्या पुढे निघाल्या. मग बाई आणखी काहीतरी म्हणाल्या आणि ती मुलगी इतकी हसली, की तिला तोंडावर हात ठेवावा लागला. मागे रांग वाढत होती. सूटमधला एक माणूस घड्याळ बघून खाकरला. बाहेर मोहन दोन मिनिटांच्या बोलीवर गाडी लावून उभा होता. मला थांबता येईना.

निक दोन्ही हातांत बॅगा घेऊन ताटकळला होता. "चल ना गं," तो म्हणाला, "विमान जाईल."

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "थांब रे," म्हणाल्या, "आम्ही बोलतोय."